अल्बर्ट हॉलमधील एक संध्याकाळ

लातूरच्या घराघरांतून मुले विलायतेस जाऊ लागली त्यास आता एक पिढी लोटली. डॉक्टर आणि इंजिनियर घडविणारे गाव म्हणून आमच्या गावाचा लौकिक आहे, आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग तर महाराष्ट्रभर रूढ झाला. या पॅटर्नचे एक फळ असे की, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले आईबाप उन्हाळ्याचे दोन-तीन महिने लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे काढून येतात. परत आल्यावर त्यांनी पाहिलेल्या स्थळांची जी यादी आम्हांस ऐकावयास मिळते, तीत राजवाडा, नदीवरील पूल आणि संग्रहालये यांच्या जोडीस अलीकडे रॉयल अल्बर्ट हॉलमधील एक संध्याकाळही असते. हॉल केवढा, घुमट केवढा, तिकीट किती पौंडांचे आणि त्याचे रुपये किती झाले, हे सारे तपशीलवार कळते. ‘तेथे ऐकले काय?’ असे विचारले म्हणजे मात्र बोलणाऱ्याची गाडी अडते. ‘त्यांच्या वाद्यवृंदाचे होते काहीतरी. आम्हांला त्यातले काय कळते!’ एवढ्यावर तो विषय संपतो.

हे ‘आम्हांला काय कळते’ प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता ही नम्रता आहे, पण आमच्या मते तिचे परिणाम नम्रतेचे नाहीत. मुले ही नम्रता खरी समजतात आणि आईबापांची संध्याकाळ त्यांच्या वतीने आखतात. सुटीचा वार आधी ठरतो, मग इमारत, मग जेवण, मग परतीची गाडी. आणि त्या वारी त्या इमारतीत जे काही चालू असेल ते पदरात पडते. गाणे तेवढे कोणी निवडलेले नसते. पाच हजार माणसांत दोन तास बसून आलेला मनुष्य जर घुमटाचीच वर्णने घेऊन परतत असेल, तर दोष त्याच्या कानाचा नव्हे. त्याच्या कानास त्या बेतात जागाच नव्हती.

बेत आखणे हेच अरसिकपणाचे लक्षण, असे म्हणणारा एक पक्ष आहे. खरा रसिक पाय नेतील तिकडे जातो आणि अवचित सुरांत सापडतो, असे हे लोक सांगतात. हे मत दिसावयास मोठे मोहक आहे, परंतु मराठी रसिकतेचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर एका रंगभूमीवर पाहावयास मिळणार, म्हणून लोकांनी किती आधीपासून तजवीज केली त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. येथून कोणास त्या प्रयोगास जावयाचे असते, तर त्यास आधी बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरून कुर्डूवाडी गाठावी लागती आणि तेथून पुढे मोठ्या गाडीने मुंबई. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारले. ज्यांनी बेत पुढे ढकलला त्यांस तो योग पुन्हा आला नाही. पुढे १९५३ पासून पुण्यास सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. मराठवाड्यातून त्यास जाणारी मंडळी रजा, मुक्काम, शाल आणि चहाचा थर्मास यांची व्यवस्था महिनाभर आधी करीत आली आहेत. परंतु या सर्व बेतांत पहिला प्रश्न असतो तो ‘कोणत्या दिवशी कोण गाणार?’ हा. बाकी सारे त्या उत्तराभोवती रचले जाते. विलायतेत हाच क्रम उलटा होतो, आणि आमची तक्रार आहे ती या उलट्या क्रमाविषयी.

अल्बर्ट हॉलच्या बाबतीत इमारतीस पहिला मान देणे हे आणखीही एका कारणाने चुकीचे आहे. ही इमारत मुळात कानासाठी बांधलेली नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेण्यात आली. तेथे कला आणि शास्त्रे यांचे एक मध्यवर्ती सभागृह असावे, ही राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांची कल्पना होती. ते १८६१ साली वारले. १८६७ साली कोनशिला बसविताना राणीने सभागृहाच्या नावात पतीचे नाव घातले, आणि २९ मार्च १८७१ रोजी हॉल उघडला. आराखडा फ्रान्सिस फौक आणि हेन्री स्कॉट या दोन लष्करी इंजिनियरांचा. म्हणजे ही वास्तू आधी स्मारक, मग सभागृह, आणि सर्वांत शेवटी संगीतगृह. लंबवर्तुळाकार भिंती आणि वर काचेचा व लोखंडाचा प्रचंड घुमट, असा थाट झाल्यावर आवाजाचे व्हावयाचे तेच झाले: उद्घाटनाच्या भाषणाच्या वेळीच प्रतिध्वनी उठला. विजापूरच्या गोलघुमटात शाळेच्या सहलीबरोबर जाऊन हाका मारून आलेल्या आमच्याकडील कोणत्याही मुलास त्याचे कारण सांगावयास नको! सुमारे शंभर वर्षे संगीतकारांनी हा प्रतिध्वनी सोसला. अखेर १९६९ साली छताखाली अळंब्यांच्या आकाराच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा तो बराचसा आटोक्यात आला. पाहुणे मान वर करून ज्यांची छायाचित्रे घेतात त्या याच तबकड्या. त्यांची शोभा गौण आहे. एका मोठ्या चुकीवरची ती मलमपट्टी आहे.

जागा निवडतानाही किंमतीवर भिस्त ठेवू नये. बांधकामास पैसा हवा म्हणून त्या काळी शंभर पौंडांस एक आसन या दराने ९९९ वर्षांच्या कराराने आसने विकण्यात आली होती. आजही सुमारे सव्वापाच हजार आसनांपैकी १,२६८ आसने अशा खाजगी मालकीची आहेत, आणि त्यांतील काही चढ्या भावाने पुन्हा विकली जातात यावरून इंग्लंडातच पुष्कळ वाद झाला आहे. आईबापांस ‘चांगल्या जागी’ बसवावे या भक्तीने मुले जे तिकीट काढतात, त्यातील किती भाग श्रवणाचा आणि किती मखमलीचा, याचा त्यांनी एकदा हिशेब करावा.

त्याच हॉलमध्ये उन्हाळ्याचे आठ आठवडे, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, ‘प्रॉम्स’ नावाचा संगीतसभांचा क्रम चालतो. आईबापांचा मुक्काम बहुधा याच दिवसांत असतो, हा एक सुयोगच म्हणावयाचा. रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने हेन्री वुड या तरुण संचालकास हाताशी धरून १८९५ च्या ऑगस्टात क्वीन्स हॉल नावाच्या दुसऱ्या सभागृहात हा क्रम सुरू केला. उभे राहून ऐकणाऱ्यास एक शिलिंग दर होता; खाण्यापिण्यास आणि धूम्रपानास मोकळीक होती. आरंभी लोकांस आवडते तेच वाजवावे आणि हळूहळू त्यांस भारदस्त संगीताची गोडी लावावी, असा न्यूमनचा हेतू होता. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला आणि त्याच उन्हाळ्यात प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले. उभे राहून ऐकण्याची प्रथा मात्र टिकली. मधल्या रिंगणातील खुर्च्या या दिवसांत काढून टाकतात, आणि तेथील व सर्वांत वरच्या सज्जातील जागा त्याच दिवशी विकतात. अलीकडच्या हंगामांत त्यांचा दर आठ पौंडांच्या आसपास राहिला आहे. वाद्यवृंदाच्या अगदी समोर, सारंगीच्या त्या गोऱ्या भावंडाचा गज तारेवर टेकताना दिसेल इतक्या जवळ, जो श्रोता उभा असतो त्याने सर्वांत कमी पैसे दिलेले असतात. हा न्याय आम्हांस अतिशय आवडला. ज्यांस दोन तास उभे राहवत नाही, त्यांनी वरच्या सज्जात जावे. तेथे पुष्कळजण जमिनीवर काहीतरी अंथरून बसलेले आढळतात, काहीजण तर आडवे होऊन डोळे मिटून ऐकतात. भारतीय बैठक म्हणतात ती याहून निराळी काय असते?

आता प्रश्न कोणत्या संध्याकाळी जावे याचा. येथे आमच्या मंडळींत दोन तट पडतात. पहिल्या तटाचे म्हणणे असे की, परदेशात जाऊन आपलेच गाणे कशास ऐकावयाचे? ते घरी आहेच. दुसऱ्या तटास परक्या संगीतात रस नाही. हिंदी गीतांचा एखादा कार्यक्रम असेल तरच त्यांचे पाऊल उचलते. दोन्ही तटांस उत्तर देण्यासाठी १९७४ साली याच हॉलमध्ये झालेल्या लता मंगेशकरांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकावे. मास्टर दीनानाथांची ही कन्या. बलवंत संगीत मंडळीच्या बिऱ्हाडात, पेटी-तबल्याच्या सान्निध्यात तिचा कान घडला, आणि दिलीपकुमारांनी हिंदुस्थानीत करून दिलेल्या परिचयानंतर ती व्हिक्टोरिया राणीच्या पतीच्या स्मारकात उभी राहिली. गीताची पहिली ओळ ओळखू येताच टाळ्यांची लाट उठते, क्षणात विरते, आणि आवाज त्या लाटेखालून सरळ निघून पुढे जातो. आम्हांस या ध्वनिमुद्रणातील गायनापेक्षाही ही लाट अधिक बोलकी वाटते. चित्रपटगीताचा श्रोता एरवी एकटा असतो: रेडिओपाशी, स्वयंपाकघरात, गिरणीच्या पाळीवरून परतताना. येथे प्रत्येकास प्रथमच कळते की, आपले म्हणून जपलेले गाणे शेजारच्या अनोळखी माणसाचेही आहे. परमुलखात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसास हे कळणे केवढे असेल! ते गाणे घरी होते हे खरे. हा अनुभव घरी नव्हता. म्हणून पहिल्या तटाचे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

गाण्याच्या दृष्टीने मात्र एक उणेही सांगितले पाहिजे. ध्वनिमुद्रणशाळेत ज्या आवाजाचा श्वाससुद्धा कानाशी येतो, तो आवाज एवढ्या विस्तीर्ण जागेत ध्वनिक्षेपकांवाटे पसरताना आपला एकांत गमावतो. चाल तीच, शब्द तेच, परंतु गुजगोष्टीचे भाषण झाले. २०२३ च्या जुलैमध्ये, म्हणजे लताबाईंच्या निधनानंतर दीड वर्षाने, प्रॉम्सच्या क्रमात त्यांच्या गीतांची एक संध्याकाळ झाली. पलक मुच्छल गायल्या आणि साथीस बर्मिंगहॅम शहराचा वाद्यवृंद होता. मूळ आवाज नाही, आणि ज्या तंतुवाद्यांची फौज मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळेत दाटीवाटीने बसत असे ती येथे ऐसपैस बसलेली, असा हा योग. चित्रपटगीतातील वाद्यरचना आपण आजवर पार्श्वभूमी म्हणून सोडून देत आलो. अशा संध्याकाळी तिच्यावर प्रथमच उजेड पडतो. दुसऱ्या तटाच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. ज्यांस विलायती वाद्यवृंद परका वाटतो, त्यांच्या आवडत्या गाण्यांत तो सत्तर-पंचाहत्तर वर्षे वाजतच आहे.

दाद देण्याच्या रीतीविषयी येथेच लिहितो, कारण पाहुण्यांची सर्वांत मोठी धास्ती तीच असते. सिंफनीचे चार भाग, आणि प्रत्येक भागानंतर शांतता. त्या शांततेत चुकून टाळी वाजली म्हणजे मनुष्य ओशाळतो, आणि ‘आम्हांला काय कळते’ हे मनात घट्ट होते. या शिष्टाचाराचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. ही शांतता फार जुनी नव्हे. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टची सिंफनी झाली, तेव्हा एक जागा लोकांस आवडेल हे हेरून त्याने ती योजली होती आणि वादन चालू असतानाच तेथे टाळ्या पडल्या. त्याने ही हकीकत मोठ्या आनंदाने वडिलांस पत्राने कळविली. म्हणजे समेवर ‘वाहवा’ म्हणणारा आमचा श्रोता मोझार्टच्या श्रोत्यांच्या पंक्तीस बसण्याजोगा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात रचनेची संपूर्ण इमारत अखंड ऐकावी असा आग्रह वाढत गेला आणि दाद शेवटापर्यंत राखून ठेवण्याची रीत पडली. या रीतीतही तथ्य आहे. आमच्याकडे दाद ही गायकाच्या पुढील तानेचे इंधन असते, कारण ती तान अजून जन्मावयाची असते. तेथे सर्व काही आधीच लिहून झालेले असल्याने मधल्या दादेचा पुढील सुरांवर परिणाम होत नाही. हा भेद एकदा समजला म्हणजे गप्प बसणे ही शिक्षा वाटत नाही.

आमच्या प्रवासवाङ्मयाने या कामी वाचकांस फारशी मदत केलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ च्या ग्रंथापासून मराठी प्रवासी परदेशातील शाळा, स्त्रियांची स्थिती, राज्यव्यवस्था यांविषयी डोळसपणे लिहीत आला. त्याचा डोळा तरबेज झाला. कान मात्र मागे राहिला. याचे एक कारण शब्दांचे दारिद्र्य. ‘बैठक’, ‘मैफल’ आणि ‘जलसा’ यांतील सूक्ष्म फरक ज्या भाषेस ठाऊक आहे, तिला अनेक सूर एकाच वेळी परस्परांच्या आधाराने चालतात या गोष्टीस सर्वमान्य शब्द अद्याप घडवावयाचा आहे. ‘स्वरसंवाद’ म्हणावे तर षड्ज-पंचमाचा संवाद आठवतो, ‘स्वरमेळ’ म्हणावे तर थाट. शब्द नाही म्हणून वर्णन नाही, वर्णन नाही म्हणून पुढच्या प्रवाशास पूर्वतयारी नाही, आणि मग घुमटाची उंची सांगण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पूर्वतयारी म्हणजे ग्रंथवाचन नव्हे. संध्याकाळ ज्या रचनेची असेल ती जाण्यापूर्वी घरी तीन वेळा ऐकावी, एवढेच. पहिल्यांदा कामे करीत ऐकली तरी चालेल. दुसऱ्यांदा एखादी ओळ पुन्हा आल्याचे आपोआप ध्यानात येते. तिसऱ्यांदा ती कोठे येणार याची वाट पाहिली जाते, आणि वाट पाहणे हेच तर श्रवण. तीत राग शोधीत बसू नये. मुखडा आठवावा आणि तो परत येताना कोणत्या वेषात येतो ते पाहावे. त्या दिवशी दुपारी संग्रहालये पाहून पायांचे तुकडे करून घेऊ नयेत. अल्बर्ट हॉल संग्रहालयांच्या शेजारीच असल्याने दोन्ही एका दिवसात उरकण्याचा मोह अनावर होतो, आणि त्याचा शेवट दुसऱ्या भागातील घोरण्यात होतो. साउथ केन्सिंग्टन स्थानकापासून रमतगमत चालत जावे. जुलैत तेथे रात्री नवापर्यंत उजेड असतो. कार्यक्रम बहुधा दहाच्या सुमारास आटोपतो आणि परतीची गाडी मिळते. रात्रभर ऐकण्याची सवय असलेल्या जुन्या श्रोत्यास ही वेळ फार लवकरची वाटेल. पण पुण्यातही ध्वनिक्षेपकांच्या वेळमर्यादेमुळे रात्रभराच्या मैफली बंद पडल्या आहेत. दैवाची गंमत अशी की, २०२५ च्या ऑगस्टात प्रॉम्समध्ये रात्री सुरू होऊन सकाळपर्यंत चाललेली एक संगीतसभा झाली. सवाईचे जुने वारकरी त्या वेळी लंडनात असते तर हरखून गेले असते.

रचना कोणती निवडावी असे कोणी आम्हांस विचारील, तर आम्ही बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचे नाव घेऊ. प्रॉम्समध्ये ती बहुतेक दरवर्षी होते. तिचा पहिला प्रयोग ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात झाला, पण तिचा लंडनशीही ऋणानुबंध आहे: तेथील फिलहार्मोनिक सोसायटीने तिच्यासाठी कर्त्यास पन्नास पौंड देऊ केले होते. विद्वानांनी तिच्यावर ग्रंथांचे ढीग रचले आहेत, ते बाजूस ठेवावेत. आमच्याकडील एखाद्या बाईंनी, ज्यांनी औशाच्या नाथसंस्थानात चक्रीभजन ऐकले आहे, भजनाची लय पायांतून कशी चढत जाते हे ज्यांस सांगावे लागत नाही, त्यांनी लेकीबरोबर वरच्या सज्जात जमिनीवर बसून ती ऐकावी. पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात येईल ती ही की, मागच्या बाजूस शे-दोनशे गाणारी माणसे बसली आहेत आणि गात नाहीत. झांजांची जोडी घेतलेला एक मनुष्य आहे, तोही स्वस्थ बसला आहे. पाऊण तास होत आला तरी हे लोक का थांबले आहेत, असे त्या लेकीस हळूच विचारतील. आमच्या मते या सिंफनीविषयी विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे, आणि कर्त्यानेही स्वतःस तोच विचारला होता असे रचनेवरून दिसते. चौथ्या भागाच्या आरंभी वाद्यवृंद मागील तिन्ही भागांतील सूर एकेक आठवतो आणि एकेक नाकारतो. मग खर्जातील तंतुवाद्ये एक साधी, कोणासही गुणगुणता येईल अशी चाल अगदी हलक्या आवाजात धरतात. ती वाद्यावाद्यांतून चढत जाते. आणि इतका वेळ नुसता बसून राहिलेला एक पुरुष उठून प्रथम तोंड उघडतो.